आत्या गेली

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी स्वतःच्या किल्लीनं घर उघडायचं होतं. किल्ली आधी उलटी लावली, मग सुलटी, मग कंटाळून दार नुसतं ढकललं तर ते उघडंच होतं. एकटीच हसले.

बंद दुकानाच्या वरचं हे घर. रस्त्याकडे खिडकी असलेली मोठी खोली, तिला लागून तशीच खिडकी असलेली एक अरुंद खोली, आणि मागे स्वयंपाकघर. आमच्याकडे याला पहिल्यापासून 'आत्याचं घर' म्हणतात. माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, इथे राहायची. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बंद असलेलं घर असं लख्ख कसं, याचं नवल वाटलं. टेबलावर बोट फिरवलं तर धुळीचा कण नाही. वहिनीनं कोणाला तरी पाठवून झाडून घेतलं असणार. आजच्या दिवस तिच्याबद्दल बरं बोलायला हरकत नाही.

दादा सामान घेऊन आला, पण गुडघ्यांच्या नावाखाली जिना चढला नाही. खालूनच म्हणाला, राहा निवांत, घर तुझंच समज. तीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासली आहेत मी. 'तुझं' आणि 'तुझंच समज' यांतला फरक मला कळतो. पण आज भांडायचं नाही, असं ठरवूनच आले होते.

चिंगीनं, म्हणजे दादाच्या धाकट्या लेकीनं, निघताना लॅपटॉपवर एक अभ्यासक्रम लावून दिला. एका विद्यापीठाचा आहे, घरबसल्या, फुकट, सहा आठवड्यांचा. आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधायचा ते शिकवतात. तिचं म्हणणं, आत्या, तू दुसऱ्यांच्या चुका काढण्यात पटाईत, तर आता पूर्वजांच्या काढ. नाव भरलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: नमस्कार! आणि पुढे माझं नाव. आडनावासकट, अगदी शुद्ध. मी ते तीन वेळा वाचलं. घरात माझं नाव शेवटचं कोणी घेतलं होतं ते आठवेना.

७ फेब्रुवारी

पहिला धडा झाला. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत. चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालतात आणि दर दोन मिनिटांनी शोधतात. त्या म्हणतात, सुरुवात स्वतःपासून करा. एक चौकोन काढा, त्यात आपलं नाव लिहा.

लिहिलं. मग त्या नावाचं घरात काय झालं तेही लिहावंसं वाटलं. भाचा झाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची. तो बोबडं 'आत्या' म्हणाला आणि सगळ्यांना केवढं कौतुक! मग वहिनी त्याच्याशी बोलताना मला आत्या म्हणू लागली, मग नुसतीच म्हणू लागली. पाठोपाठ दादा. मग डॉक्टर, पेपरवाला. शेवटी माझी सख्खी आई, जिनं मला जन्म दिला ती, अंथरुणातून हाक मारायची, "आत्या, पाणी." मी नेऊन द्यायचे.

त्याच वर्षी माझं लग्न ठरत होतं. आई आजारी पडली. दादा म्हणाला, एवढं वर्ष जाऊ दे. ते वर्ष सव्वीस वर्षं चाललं. आई गेल्यावर माझी खोली भाच्याच्या बाळाला लागणार होती, म्हणून मी इथे. कोणी काढलं नाही हं मला. सगळ्यांनी मिळून माझी सोय केली.

१३ फेब्रुवारी

दुसरा धडा: घरातल्या मोठ्यांना विचारा, ते आहेत तोवर. आमच्या घरात मोठा आता दादाच. त्याला फोन करून विचारलं, आत्या नेमकी कधी गेली? म्हणाला, अकराएक वर्षं झाली की. कशानं? वय झालं होतं. अंत्यविधीला कोण होतं? तर म्हणाला, काका असतील.

काकांना फोन लावला. ते म्हणाले, छे, आम्हाला तुझ्या वडिलांनीच कळवलं की गेली. आमची समजूत, तुम्हीच सगळं उरकलंत. वहिनी म्हणाली, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, गेली म्हणून. कोण कोणाला सांगत होतं, देव जाणे.

दादाला पुन्हा फोन केला तर तो वैतागला. "अगं, गेली म्हणजे गेली. आता काय तिची उलटतपासणी घेतेस?"

म्हणजे प्रत्येकानं 'गेली' एवढंच ऐकलं आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी तिच्याबरोबर होता. एकानंही विचारलं नाही, कुठे गेली? माझ्या मनात सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या आणि मग आठवलं. मी तेव्हा आईला भरवत होते. दादानं दारातून सांगितलं, आत्या गेली. मी अरेरे म्हटलं आणि पुढचा चमचा भरला.

२० फेब्रुवारी

तिसरा धडा मला सर्वांत आवडला. इथल्या सरकारी कचेरीनं दर दहा वर्षांच्या घरगणतीचे जुने कागद संगणकावर टाकले आहेत. घराचा पत्ता घातला की त्या घरात कोण कोण राहत होतं ते त्या काळच्या अक्षरात समोर येतं. सकाळी बसले ती जेवायचं विसरले.

आत्याच्या या घराचे चार कागद मिळाले, चाळीस वर्षांचे. चारही कागदांवर एकच ओळ आहे. नाव: रेघ. वय: रेघ. कुटुंबप्रमुखाशी नातं: आत्या. व्यवसाय: घरीच.

माझ्यातली मुद्रितशोधक लगेच फुरफुरली. नातं प्रमुखाशी लिहायचं असतं. पहिल्या दोन कागदांच्या वेळी घर आजोबांच्या नावावर, म्हणून प्रमुख तेच. म्हणजे तिथे त्यांची 'बहीण' हवी होती. नंतरच्या दोनांत प्रमुख माझे वडील, तिथेही 'बहीण'च हवी. गणतीवाल्यानं घरातली मंडळी काय म्हणतात ते ऐकलं आणि तसंच उतरवलं. चाळीस वर्षं, चार वेगळे गणतीवाले, चार वेगळी अक्षरं, आणि चूक तीच. बरं, या निदान दोन बायका असणार: आजोबांची बहीण आणि मग वडिलांची. पण कागदावर कळायला मार्ग नाही. त्यांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे नाव, आणि तिथे रेघ.

अभ्यासक्रमाच्या बाईंना विचारलं, ही चूक दुरुस्त करू का? त्यांचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. आपल्या मनानं काही भरायचं नाही, नोंदीत जे आहे तेच लिहायचं. रागच आला. तरी चौकोन काढला आणि त्यात लिहिलं: आत्या.

२५ फेब्रुवारी

चौथा धडा मृत्यूंचा. नोंदणी कचेरीत स्वतः गेले. तिथला कारकून भला माणूस. त्यानं या पत्त्यावरचे सगळे मृत्यू काढून पाहिले. एकही नाही. ना आत्याचा, ना तिच्या आधीच्या आत्याचा. मी म्हटलं, असं कसं, त्या गेल्या की. त्यानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "कुठे गेल्या, बाई? दुसरा पत्ता द्या, तिथे बघतो." मी अर्जाची पावती घेऊन बाहेर पडले.

बाईंनी धड्यात एक नियम सांगितला आहे. माणूस कागदात शिरतो तसा कागदातून बाहेरही पडतो: लग्न होऊन, गाव सोडून, नाहीतर मरून. ज्याच्या बाहेर पडण्याची नोंद कुठेच नाही, त्याला त्याच्या शेवटच्या पत्त्यावरच शोधायचं.

शेवटचा पत्ता म्हणजे मी जिथे बसून हे लिहिते आहे तो.

घरी येऊन अर्जाची पावती पाहिली. कारकुनाला मी माझं नाव सांगितलं होतं, आडनावासकट, स्पष्ट. पावतीवर लिहिलं आहे: अर्जदार, आत्या. त्याला हे कोणी सांगितलं?

१ मार्च

समोर शिंप्याचं दुकान आहे. चार कपडे शिवायचे म्हणून गेले. म्हातारा बोलघेवडा. मी कापड पुढे केलं तर तो टेप न घेताच कात्री शोधू लागला. मापं घ्या की, म्हटलं. तो म्हणाला, "आहेत ना माझ्याकडे. तुमची मापं बदलतात कुठे?" वही उघडून दाखवली. 'आत्या' असं लिहून खाली खांदा, छाती, कंबर, बाही. मी हट्टानं मोजायला लावलं. पाव इंचाचाही फरक नाही. माझी आत्या माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. मला चांगलं आठवतं.

सहज विचारल्यासारखं विचारलं, अकरा वर्षं घर बंद होतं ना? तर म्हणाला, बंद कुठलं? अरुंद खोलीची खिडकी रोज सकाळी उघडायची. आत्या गेली हे त्याच्याही कानावर आलं होतं, पण त्याला वाटलं, परगावी गेली असेल आणि परत आली असेल. गेल्या महिन्यापासून मात्र दोन्ही खिडक्या उघडतात, असं म्हणाला.

मी फक्त मोठ्या खोलीची उघडते.

४ मार्च

कपडे वाळत घालून बाजारात गेले. परत आले तर घड्या करून कपाटात ठेवलेले. आधी अर्धी, मग तिहेरी, बाह्या आत. आमच्या घरातली घडी.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं काम न सांगता केलं होतं. खुर्चीत बसून राहिले, पाहुणीसारखी. स्वयंपाकघरात भांडी लावल्याचा आवाज येत होता. उठून बघावंसं वाटलं नाही. कारण बघितलं असतं तर मदत करावी लागली असती.

८ मार्च

चिंगीचा फोन. भाच्याचं बाळ बोलू लागलं. पहिला शब्द 'आत्या', चिंगीकडे बोट दाखवून. सगळे हसताहेत, टाळ्या पिटताहेत. दादा मागून ओरडला, आता या घरातली आत्या चिंगीच! चोविशीची पोरगी. लाजली, खूश झाली. मीही झाले होते.

मग तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला असावा. वहिनीकडे कोणी बाई आली होती, तिनं माझी चौकशी केली. वहिनी म्हणाली, "आत्या ना? गेल्या." बाई म्हणाली, "अरेरे, कधी?" वहिनी म्हणाली, "महिना झाला." बाई म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या."

मी फोन कानाला धरून बसले. आता वहिनी म्हणेल, अहो, तसं नाही, आत्याच्या घरी गेल्या राहायला. आता म्हणेल. मग कपांचा आवाज आला. मग बिस्किटं घ्या ना, असं म्हणाली.

मी मोठ्यानं ओरडले, मी इथे आहे. कोणीतरी फोन उचलून बंद केला.

११ मार्च

लॅपटॉप उघडला. नमस्कार, आत्या!

मी बदललेलं नाही. नाव दुरुस्त करायला गेले तर नावाच्या जागी रेघ. बाईंना लिहिलं की माझं नाव चुकलंय. उत्तर आलं: नोंदीत जे आहे तेच लिहावं.

मग म्हटलं, वहीत तरी लिहून ठेवू. पेन टेकवलं आणि सुचेना. पहिलं अक्षर जिभेवर आहे. आई लहानपणी ज्या नावानं रागवायची ते, प्रगतिपुस्तकावरचं ते. पानभर रेघा मारून झाल्या. मी, जिनं हजारो लोकांची नावं शुद्ध करून छापायला धाडली!

१२ मार्च

अरुंद खोलीचं दार उघडलं. भरदुपारी, लख्ख उजेडात. ती खिडकीशी बसून केस विंचरत होती. माझी आत्या. अंगात शिंप्यानं शिवलेला कपडा, माझ्या मापाचा, आणि तिला तंतोतंत बसलेला.

मी विचारलं, तुझं नाव काय गं? तिनं तोंड उघडलं. मग मान हलवली.

मी म्हटलं, सगळे म्हणतात तू गेलीस. ती म्हणाली, "जायला दुसरी यावी लागते. तुझीच वाट बघत होते." आवाजात राग नव्हता. मग कंगवा माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. एकदाही मागे पाहिलं नाही. मी तरी तिच्याकडे कधी पाहिलं होतं?

१३ मार्च

बॅग भरली. खाली उतरले. शिंप्याला हाक मारली, त्यानं माझ्यातून पलीकडे पाहिलं. बसला हात केला. थांबली नाही. दुसरी नाही. तिसरी —

दादाचं घर कोणत्या रस्त्यावर? सव्वीस वर्षं त्याच रस्त्यानं दूध आणलं. आठवेना. पाय आपोआप इकडेच वळले.

अरुंद खोलीची खिडकी मी कधी उघडली?

१७ मार्च

भूक नाही. झोप नाही. धूळ पुसते. पुसली नाही तर हात दुखतात —

चिंगीचा निरोप लॅपटॉपवर. मला नाही, बाईंना लिहिलाय, अभ्यासक्रमाच्या पानावर. माझी आत्या इथे शिकत होती, ती गेली असं घरचे म्हणतात, तिचं राहिलेलं काम मी पुरं करू का? बाईंनी लिहिलंय, जरूर. सुरुवात स्वतःपासून करा.

शिकत होती. होती —

तारीख?

ते आलेत. जिन्यावर पावलं. दादा आज जिना चढला. गुडघे बरे दिसतात.

चिंगीच्या दोन बॅगा. तिचं काम म्हणे कुठूनही करता येतं. घरात बाळाला खोली लागते. वहिनी म्हणाली, इथे तुला शांतता मिळेल. वर्षभर राहून बघ. एवढं वर्ष —

ती राहिली की मी सुटले. एवढाच हिशेब. मला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसायची सवय आहेच. सगळ्यांनी माझ्या बाबतीत तेच केलं. मीही माझ्या आत्याच्या बाबतीत. आता एकदा माझ्यासाठी. एकदाच. कोणाचं काय बिघडेल —

चपला दाराशी आहेत. घालून बसले आहे.

दादा म्हणाला, आत्या गेली तेव्हापासून घर असंच पडलंय.

चिंगी म्हणाली, "कुठे गेली?"

दादा म्हणाला, गेली म्हणजे गेली.

"अहो बाबा, कुठे? कोणी पोचवलं तिला? कोण होतं तिच्याजवळ? तुम्ही होता?"

वहिनी म्हणाली, आल्या आल्या हे काय काढलंस. दादा खिडकीकडे बघतोय. पोरगी हटत नाही. पुन्हा विचारतेय. रडतेय. माझ्यासाठी कोणी रडलेलं मी पहिल्यांदाच —

कुठे, असं विचारलं तिनं. इतक्या वर्षांत या घराण्यात कोणीतरी विचारलं.

चपला काढल्या.

बाळा, ही वही टेबलावर उघडी ठेवते. बॅग उघडू नकोस. बसूसुद्धा नकोस. आजच्या आज इथून जा, कुठेही जा, तुझ्या बाबांकडे नको. तुला आत्या म्हणू देऊ नकोस कोणाला, बाळालासुद्धा नको. मी आहे, इथेच आहे, तुझ्या डाव्या हाताला. माझं राहू दे. माझं गेलं. पण तुझं मला अजून पाठ आहे. मीच निवडलं होतं, तू एवढीशी होतीस. सगळ्यांनी चिंगी चिंगी करून बुजवून टाकलं, पण मी विसरले नाही. मोठ्या अक्षरात लिहिते. मोठ्यानं वाच आणि वाचत वाचत जिना उतर. थांबू नकोस. तुझं नाव —